सत्तेचाळीसची सायकल

शिवलिंगआप्पांना कुणी भेटायला गेलं तर ते त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी त्याच्या सायकलीच्या बुडाकडे बघतात.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पो दारात उभा, बायको गॅसची टाकी कुठे ठेवायची म्हणून ओरडतेय, मी घामाघूम. तेवढ्यात कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, सदरा-पायजम्यातला एक उंच म्हातारा फाटकातून आत आला. त्याने माझ्या मुलीची सायकल टेम्पोतून उतरवली, अंगणात उलटी पाडली, खिशातून भिंग काढलं आणि दोन पायडलांच्या मधल्या नळकांड्याखाली काहीतरी वाचायला लागला. मला वाटलं, जप्तीवाला आहे. दोनेक मिनिटांनी तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "दोन हजार अकराची हाय. पंजाबातली. आता नमस्कार. मी शिवलिंगआप्पा, तुमच्या शेजारचा."

याला आप्पा 'सायकलीचा जन्म काढणं' म्हणतात. प्रत्येक सायकलीच्या बुडाला कारखान्याने ठोकलेला नंबर असतो. त्या नंबरावरून, नळ्यांच्या जोडांवरून, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या घडणीवरून ती कुठली आणि किती सालची हे त्यांना सांगता येतं. स्टेशन रोडला चाळीस वर्षं त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढायला अर्धा तास आणि जन्म काढायला दोन तास, असा हिशेब असल्यामुळे ते कधी फारसं चाललं नाही. आता दुकान बंद आहे. हत्यारं घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर ओळीने टांगलेली असतात, आणि त्यांच्याखाली आप्पा बसलेले असतात.

एकदा मी त्यांना मोटारसायकलवर बसवून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला नेलं. चपला काढून वळतो तर आप्पा गायब. हारवाल्याच्या दुकानामागे ही गर्दी! भिंतीला कुणाची तरी जुनी काळी सायकल टेकवलेली होती आणि तिच्याखाली आप्पा उताणे पडले होते. परक्याची सायकल न विचारता उलटी करणं त्यांना बरं वाटलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच उलटे झाले होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला फिट आली. एका बाईने कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. एकजण पायातली चप्पल काढून तयारीतच होता. आप्पा डोळ्यांतून पाणी गाळत बाहेर आले आणि त्या घोळक्याला म्हणाले, "ब्यायंशीची हाय. कुणाची हाय? तेल द्या तिला." आम्ही देवापुढे पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती.

'खालून बघा' हा त्यांचा मंत्र. "वरचा रंग कुणीबी देतंय, प्रकाशराव. खालून बघा!" ही सवय सायकलीपुरती राहिली असती तर हरकत नव्हती. आमच्याकडे ते कपबशी हातात आली की बशीचं बूड बघतात. पहिल्यांदा बायकोने त्यांना पोह्यांची ताटली दिली तेव्हा त्यांनी ती बोलता बोलता उचलून खालून बघितली, आणि पोहे मांडीवर घेतले. दुसरं पालुपद म्हणजे 'मुद्द्याचं बोला'. हे ते समोरच्याला सांगतात आणि स्वतः तासभर मुद्द्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाहीत. मी कृषी विद्यापीठात कारकून आहे. फाईल उघडली की बंद करणं, हा माझा स्वभाव. आप्पांनी उघडलेली गोष्ट माझ्या देखत कधी बंद झाली नाही, म्हणून मी त्यांच्यावर कायम थोडा वैतागलेला असतो. तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळतात, ते का, ते मला माहीत नाही.

मागच्या महाशिवरात्रीनंतर आठ-दहा दिवसांनी राणीसावरगावहून गिरजाबाई आल्या. साठीच्या आतबाहेर, काटक, पण पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. डोक्यावर पोतं, आणि पोत्यातून सायकलीचा चिमटा बाहेर आलेला.

"आप्पा तुमीच का?" त्यांनी पोतं उतरवलं. "गंगाखेडच्या भंगारवाल्याला दावली. त्यो म्हनला, हिचं वजनच भरंना, किलोवर घेतली तर तुझं येन्याजान्याचं भाडंबी निघायचं न्हाई. परभणीला आप्पाला दाव म्हनला."

आप्पांनी पोतं सोडलं. नुसता सांगाडा होता. चाकं नाहीत, हँडल नाही. ट्रॅक्टरला देतात तसला निळा रंग, त्यावर गोठ्यातली धूळ. आप्पांनी तो सांगाडा मांडीवर घेतला, जोडांवरून बोट फिरवलं आणि ते बोलायचे थांबले. शेजारी राहायला आल्यापासून हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"ही रस्त्यावरची न्हाई," शेवटी ते म्हणाले. "बगा, चिमट्याला ब्रेकचं भोकच न्हाई. आन हे मागचे खाचे, मागल्या बाजूनं उघडे हायेत. चाक मागून ओढून काढायचं. ही रेसची हाय. गोल मैदानात पळवायची."

"ब्रेक नाही तर थांबायचं कसं?" मी विचारलं.

"थांबायचं कशाला? चाक फिरतंय तवर पायडल फिरतंय. पायानंच रोखायचं."

गिरजाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता कळलं बगा. आमचे मालक दर खेपंला बाभळीत जाऊनच थांबायचे. मी म्हनायची, ह्यास्नी सायकल येत न्हाई."

मग सगळं हळूहळू कळलं. त्यांचे यजमान तरुणपणी हैद्राबादला एका मैदानावर वॉचमन होते. तिथल्या कुणा साहेबाने जाताना ही फ्रेम त्यांना देऊन टाकली. त्यांनी तिला गावातली चाकं बसवली, मागे दुधाचे कॅन बांधले आणि पुढची सगळी वर्षं त्या रेसच्या सायकलीवरून दूध वाहिलं. चार वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या आजारपणात घरच्या शेळ्या एकेक करून गेल्या. फ्रेम गोठ्यात टांगलेली राहिली, तिला तुरीच्या पाल्याच्या पेंढ्या अडकवायच्या.

"माजे गुडघे गेले, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तण निंदायला वाकता येत न्हाई. चार शेळ्या झाल्या तर बांधावर बसून राखीन. मिरगाच्या आत झालं तर लय बरं. एकदा पेरन्या झाल्या की निंदायला जावंच लागतंय."

"मिरगाच्या आत विकून देतो," आप्पा म्हणाले. "पर आधी जन्म काढावा लागंल. जन्म न काढता सायकल विकायची म्हंजे बिनपत्रिकेची पोरगी उजवल्यावानी."

"किती दिस लागत्यात जन्म काढायला?"

"ते तिच्यावर हाय," आप्पा म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या गल्लीने जे सोसलं ते आम्हालाच माहीत. आप्पांनी फ्रेम आढ्याला दोरीने टांगली आणि चमच्याने एकेक नळी वाजवायला सुरुवात केली. टिंग. मग कान लावून ऐकायचं. पुन्हा टिंग. "ऐका, प्रकाशराव. मधी पातळ, टोकाला जाड. म्हणून असा आवाज येतोय. ही नजाकत आपल्या भाजीवाल्या सायकलीत सापडायची न्हाई." मला दोन्ही टिंग सारखेच ऐकू आले, पण मी मान हलवली. मग फ्रेम कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. ती दोन किलोच्या आत भरली तेव्हा आप्पांनी दुकानात उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ती एका बोटावर उचलायला लावली.

रंगाचे पाच थर निघाले. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी, असं करत करत आप्पा रॉकेलच्या बोळ्याने आणि बांबूच्या काडीने बुडापर्यंत गेले. आणि एका दुपारी मी जेवत असताना हाक आली, "प्रकाशराव! सत्तेचाळीस!"

मी तसाच खरकट्या हाताने गेलो. भिंगातून बघितलं. खरंच बुडाला बारीक बारीक ठिपक्यांनी ४ आणि ७ हे आकडे इंग्रजीत काढलेले होते. सातचा पाय जरा वाकडा.

"एकोणीसशे सत्तेचाळीस!" आप्पांचा आवाज चढला होता. "असे ठिपक्याठिपक्यांचे आकडे आपल्याकडं घालीत न्हाईत. ही इलायतेची हिकमत हाय."

मी कारकून माणूस. कागदावर लिहिलेलं दिसलं की विश्वास ठेवतो. पण फ्रेम ऐकायला तयार नव्हती. आप्पांनी मागचा फाटा, म्हणजे मागच्या दोन खाचांमधलं अंतर, मोजलं. ते एकशेवीस मिलिमीटर भरलं. त्यांच्या मापांच्या वहीप्रमाणे सत्तेचाळीसच्या सायकलीला एकशेदहा हवं होतं. दोन दिवस ते उदास होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कुणीतरी फाकवलाय." मग बैठकीच्या नळीचं माप जुळेना, तर ती 'आतून घासलेली' ठरली. चिमट्याची घडण जुळेना, तर चिमटा 'मागावून बदललेला' ठरला.

"आप्पा, मग यात सत्तेचाळीसचं राहिलं काय?" मी विचारलं.

"नंबर!" आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चपला शोधायला लागलो.

जुन्या सायकलींचे शौकीन इंटरनेटवर एकमेकांना भेटतात, हे मला ऐकून माहीत होतं. मी फ्रेमचे फोटो काढले, 'रेसची फ्रेम, १९४७, परभणी' असं लिहिलं, आप्पांचा फोन नंबर टाकला. किंमत आप्पांनी लिहू दिली नाही; जन्म नक्की झाल्यावर बघू म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन वाजायला लागला.

पुण्याहून फोन, नागपूरहून फोन, बंगळूरहून हिंदीत फोन. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. सुरुवात "हां, मुद्द्याचं बोला" अशी व्हायची. समोरचा किंमत विचारायचा. त्यावर आप्पा हैद्राबादच्या मैदानापासून सुरू करायचे, दुधाचे कॅन, बाभळी, पाच थर, टिंग, असं सगळं व्हायचं. टिंग तर ते फोनवरसुद्धा ऐकवायचे. बायकोची पोळ्यांची कणीक मळून, पोळ्या होऊन, ओटा धुऊन व्हायचा तरी पुण्याचा माणूस अजून हिरव्या रंगाच्या थरापाशीच असायचा.

आणि एवढं करून आप्पा विकत नव्हते! पुण्याच्या माणसाने दोन शेळ्यांएवढे पैसे देऊ केले. (गिरजाबाईंच्या सोयीसाठी आम्ही सगळे भाव शेळ्यांतच धरायला लागलो होतो.) ते कमी म्हणून नकार. नागपूरचा तीन शेळ्यांपर्यंत आला, तर तो तिला हॉटेलच्या भिंतीवर टांगणार होता. "सायकल काय टांगायची चीज हाय?" आप्पा फोनवर गरजले. त्या वेळी ती त्यांच्याच डोक्यावर आढ्याला टांगलेली होती. बंगळूरवाल्याने साडेतीन म्हटलं, पण त्याने फ्रेमला 'पीस' म्हटलं. तिथे इज्जतीचा सवाल आला.

गिरजाबाई दर पंधरा दिवसांनी येत. सकाळच्या एसटीने गंगाखेड, तिथून रेल्वेने परभणी. येताना शेजारणीकडून ताक मागून आणत, पोटमाळ्यावर ठेवलेला ठेवा बघावा तशी आढ्याकडे बघत आणि विचारत, "झाला का जन्म?" चैत्र गेला, वैशाख निम्मा झाला. एकदा त्या पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या, आणि आत आप्पा कुणाला तरी शेंदरी थर सांगत होते. माझं डोकं फिरलं.

"आप्पा," त्या गेल्यावर मी म्हणालो, "बाईंचे गुडघे तुमच्या तसल्लीसाठी थांबणार नाहीत. मृग पंधरा दिवसांवर आलाय. पुढचा जो बरा भाव देईल त्याला देऊन टाका. नाहीतर मी देतो."

आप्पांनी फडकं घेतलं आणि आधीच चकचकीत असलेली नळी पुसत बसले. मला वाटलं, हट्टी आहे म्हातारा. आणखी काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या मृणालताईंचा फोन आला. दातांच्या डॉक्टर, कॉलेजात असताना सायकलीच्या शर्यतीत पळालेल्या. त्यांनी किंमत विचारलीच नाही. विचारलं, "आप्पा, मागचा फाटा किती भरतो?"

आप्पा ताठ बसले. "एकशेवीस. पर कुणीतरी फाकवलाय."

"असं होय?" ताई म्हणाल्या. "बरं, मग पुढं?"

आठ दिवसांत त्यांचे पाच फोन झाले. सहाव्यांदा त्यांनी चार शेळ्या आणि वर एक करडू येईल एवढी रक्कम सांगितली, आणि फ्रेमला चाकं बसवून स्वतः चालवणार म्हणाल्या. आप्पांना नकाराचं कारण सापडेना. मी समोरच उभा होतो. रविवारी सकाळी त्या कोल्हापूरच्या गाडीने परभणीला येणार असं ठरलं. मी लगेच राणीसावरगावला निरोप दिला.

शुक्रवारीच गिरजाबाई आल्या. त्यांना धीर निघाला नव्हता. या खेपेला ताक स्टीलच्या तांब्यात होतं. आप्पांनी ते उभ्याने संपवलं, तांब्या रिकामा झाला, आणि सवयीने हात वर गेला. त्यांनी तांब्याचं बूड बघितलं.

बराच वेळ बघितलं. मग हळूच भिंग काढलं.

"गिरजाबाई," ते म्हणाले, "ह्यो आकडा कशाचा?"

मी वाकून पाहिलं. तांब्याच्या बुडाला ठिपक्यांनी ४७ घातलेलं होतं. सातचा पाय वाकडा.

"घराचा नंबर हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "गल्लीत लगीनकार्य निघालं की समद्याची भांडी एका जागी व्हत्यात. नाव घालावं तर आमच्या भावकीत दोन गिरजाबाई. म्हनून मालकांनी समद्या भांड्यावर ग्रामपंचायतीचा घर नंबर घालून घेतला. गंगाखेडला, भांड्याच्या दुकानात."

"आन सायकलीवर?"

"तवाच. जत्रंत सायकल बदलून जाती म्हनून. दुकानदार म्हनला, भांड्याबिगर कशावर घालीत न्हाई. मालक म्हनले, दूध ह्याच्यावरनंच नेतो, ह्ये भांडंच समज."

आप्पा खाली बसले. "मंग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी इचारलं कुटं?" गिरजाबाई साधेपणाने म्हणाल्या. "तुमी समद्या जगाला इचारलं."

मी हसलो असतो, पण आप्पांचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा त्या एका तांब्याने खाली आणला होता. गिरजाबाईंना यात एवढं काय झालं ते कळेना. मी त्यांना समजावलं, की कोल्हापूरच्या बाई चार शेळ्या आणि करडू देणार ते फ्रेम सत्तेचाळीस सालची म्हणून. तुमच्या घर नंबराचं एवढं कोण देईल? आणि पुढे, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण मीच म्हणालो, "रविवार परवावर आलाय. बाई येऊन फ्रेम घेऊन जातील. आपण होऊन कशाला बोला?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग गिरजाबाईंकडे. नुकसान त्यांचं होणार होतं.

"न्हाई भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "ती बाई इतक्या लांबनं येनार. सांगा तिला. दोन शेळ्या आल्या तर दोन राखीन."

आप्पांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. ते घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मुद्द्याचं बोलतो." आणि खरंच बोलले. "ती सत्तेचाळीसची न्हाई. त्यो गिरजाबाईच्या घराचा नंबर हाय. मी चुकलो. आता तुमी म्हणाल ती किंमत."

पलीकडून हसू आलं. मोकळं, कोल्हापुरी. "अहो आप्पा, ती सत्तेचाळीसची नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलंय. फाटा एकशेवीस म्हणालात की तुम्ही. सत्तरच्या आगेमागे असणार. मी किंमत त्याचीच सांगितली."

"मंग बोलला कामून न्हाईत?"

"तुम्ही इतकं रंगून सांगत होता," त्या म्हणाल्या. "मला ऐकायचं होतं."

आप्पांनी फोन खाली ठेवला आणि उपरण्याने चेहरा पुसला. गिरजाबाईंनी मला विचारलं, "म्हंजे चार का दोन?" मी म्हणालो, "चार. आणि करडू." त्यावर त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

रविवारी मृणालताई आल्या. उंबऱ्याच्या आत पाय टाकला, आप्पांना नमस्कार केला नाही, सरळ बॅटरी काढली आणि फ्रेमखाली जमिनीवर उताण्या झाल्या. आप्पाही शेजारी आडवे झाले. दोघं अर्धा तास एकमेकांना काय काय दाखवत होते. गिरजाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यांनाबी तसलंच हाय का?"

पैसे गिरजाबाईंच्या हातात पडले. ताई म्हणाल्या, नवा रंग देईन पण तो आकडा झाकणार नाही. गिरजाबाईंनी फ्रेमवरून एकदा हात फिरवला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "पळवा तिला. तिकडं बाभळी न्हाईत न्हवं?" आप्पांनी फ्रेम जुन्या गोधडीत गुंडाळली, सुतळीने सहा ठिकाणी बांधली आणि रिक्षात स्वतः मांडीवर घेऊन स्टेशनपर्यंत गेले. मी त्याच दुपारी इंटरनेटवरची जाहिरात काढून टाकली. काम संपलं की फाईल बंद. मला फार समाधान वाटलं.

मृग निघायच्या आत चार शेळ्या राणीसावरगावला आल्या. करडू पाचवं. यंदा गिरजाबाई निंदायला गेल्या नाहीत.

ताई फ्रेम घेऊन गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी आप्पा आमच्याकडे आले. हातात फोन होता. "प्रकाशराव, जरा बगा. ह्यो बिघडलाय वाटतं."

"काय झालं?"

"वाजंना गेलाय."

मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. त्यांच्या हातात तो खणखणीत वाजला. "चांगला आहे की," मी म्हणालो.

"हां," आप्पा म्हणाले. "वाजतोय." त्यांनी तो कानाला लावला, मी समोरच उभा होतो तरी. मग बंद करून खिशात ठेवला आणि गेले.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा आप्पा पुढच्या खोलीतून बोलायचे आणि त्या आतून 'मग?' म्हणायच्या, जन्मभर दोघांचं असंच चाललं. आता मुलगा हैद्राबादला, दर रविवारी त्याचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. दोन्हीला 'हो' म्हटलं की फोन संपतो. दोन-अडीच महिने पुण्याचा, नागपूरचा, बंगळूरचा कुणीतरी रोज या माणसाला 'मग पुढं?' म्हणत होता. त्याला फ्रेम विकायची नव्हती असं नाही. त्याला बाईंच्या शेळ्याही हव्या होत्या. एवढंच, की फ्रेम गेली की फोन थांबणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मला नव्हतं. आणि मी त्याला वर गुडघ्यांवरून बोललो होतो. मला माझी लाज वाटली.

संध्याकाळी मी गेलो. आप्पांची स्वतःची काळी सायकल, रोज बाजारात नेतात ती, खोलीच्या मधोमध उभी होती. धुऊनपुसून, तेल देऊन. आरे लखलखत होते.

"बसा," ते म्हणाले. "ही टाका तुमच्या त्या इंटरनेटवर."

"विकताय? मग भाजी आणायला कशावर जाणार?"

"विकायचं कोण म्हणायलंय? टाका म्हणालो."

असल्या सायकली परभणीत अजून गल्लोगल्ली मिळतात. हिच्यासाठी कोण फोन करणार होतं? पण मी फोन काढला, फोटो घेतले. एक वरून घेतला, एक खालून घेतला.

"जन्म काय लिहू?"

"एक्क्याऐंशी. ह्यो बराबर हाय. मी कारखान्याच्या खोक्यातून सोडलेली हाय."

"आणि किंमत?"

आप्पा सायकलीच्या सीटवरून हात फिरवत होते. तो तसाच थांबला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "किंमत लिहू नका, प्रकाशराव. किंमत लिहिली की लोक नुसतं वाचतेत. न्हाई लिहिली की इचारायला फोन करतेत."

मी मान खाली घालून लिहायला लागलो. किंमत लिहिली नाही. फोन नंबर मात्र दोनदा लिहिला.